अग्निसंस्कार आणि राजसत्ता : एक ऐतिहासिक मागोवा

मनुष्याच्या अखेरच्या प्रवासात त्याच्यासोबत कोण असते, या प्रश्नाला आपल्या धर्मग्रंथांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. धन तिजोरीत राहते, आप्त स्मशानापर्यंत येतात आणि पुढे केवळ कर्म सोबत जाते. मात्र गेल्या दीडदोनशे वर्षांत या प्रवासात आणखी एक सोबती येऊन मिळाला आहे. तो म्हणजे शासन. आज तिरडी उचलण्यापूर्वी वैद्याचा दाखला लागतो, स्मशानातील नोंदवहीत नाव लिहावे लागते आणि नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला मिळाल्याखेरीज वारसाचे एकही काम पुढे सरकत नाही. हे सारे केव्हा सुरू झाले, कोणी सुरू केले आणि त्यामागे कोणती भीती अथवा कोणते हित होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. दुःखाच्या घरात तसा विचार करण्याची ती वेळही नसते. म्हणूनच तो अशा निवांत प्रसंगी करणे इष्ट होय.

जैन परंपरेत अग्निसंस्काराचा उल्लेख अतिप्राचीन आहे. अष्टापदावर भगवान ऋषभदेवांचे निर्वाण झाले तेव्हा देवांनी चंदनकाष्ठांची चिता रचली आणि अग्निकुमार देवांनी अग्नी प्रज्वलित केला, असे वर्णन आगमांत व पुराणांत येते. तथापि दहन हीच एकमेव रीत सदैव होती असे मात्र नाही. ‘भगवती आराधना’ या ग्रंथात समाधिमरण पावलेल्या मुनींचा देह इतर मुनींनी योग्य स्थान पाहून तेथे ठेवून द्यावा, असा विधी सांगितला आहे. त्या स्थानास निषीधिका म्हणत. कर्नाटकात व आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या सीमाभागात जे निषिधीचे शिलालेख आढळतात, त्यांचा संबंध याच शब्दाशी आहे. अर्थात काळ, क्षेत्र आणि परिस्थिती पाहून रीत बदलत गेली. धर्माचा गाभा देहाच्या विल्हेवाटीत नसून ती करताना पाळावयाच्या यत्नाचारात आहे, हे पूर्वसूरींनी ओळखले होते.

त्या यत्नाचाराचा एक भाग म्हणजे त्वरा. प्राण गेल्यावर अंतर्मुहूर्तात कलेवरात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती सुरू होते, असे शास्त्रवचन असल्याने श्रावकाच्या घरी देह फार काळ ठेवीत नाहीत. याउलट शासनाचा स्वभाव थांबवून पाहण्याचा, विचारण्याचा आणि लिहून घेण्याचा आहे. एकीकडे अहिंसेपोटी घाई आणि दुसरीकडे चौकशीपोटी विलंब, असा हा पेच आहे. पुढील सर्व इतिहास वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

आपल्या देशात इंग्रजी अंमलाची दृष्टी चितेकडे प्रथम वळली ती सतीच्या प्रथेमुळे. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यात सूचना काढून सतीच्या प्रसंगी पोलिसांना आगाऊ खबर देणे आवश्यक केले. स्त्रीवर जबरदस्ती झालेली नाही, तिला मादक द्रव्य दिलेले नाही, ती अल्पवयीन वा गर्भवती नाही, हे पाहण्याचे काम पोलिसांकडे आले. १८१५ पासून अशा घटनांची आकडेवारी ठेवली जाऊ लागली. या पाहणीचा परिणाम उलटाच झाला. सरकारी शिपाई समोर उभा आहे म्हणजे कृत्याला सरकारची संमतीच आहे, असा अर्थ लोकांनी घेतला. अखेर ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी ही प्रथा कायद्याने बंद केली आणि पाठोपाठ मद्रास व मुंबई इलाख्यांतही तसे कायदे झाले. नुसती नोंद ठेवणे आणि अन्याय थांबवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या सोळा वर्षांत पुरेसा स्पष्ट झाला होता. दुर्दैवाने तो पुढेही पुन्हापुन्हा शिकावा लागला.

यानंतर प्रश्न आला तो जागेचा. मुंबईची वस्ती वाढली तशी सोनापूरची स्मशानभूमी वस्तीच्या जवळ आली आणि ती तेथून शिवडीकडे हलवावी असे सरकारच्या मनात आले. लोकांना आपले प्रेत एवढ्या लांब नेणे शक्य नव्हते. नामदार जगन्नाथ शंकरशेट यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि स्मशानभूमी आहे तेथेच राहिली. कलकत्त्यातही १८६४ साली निमतल्ला घाटावरील दहनभूमी गंगाकाठावरून हलवण्याचा घाट घालण्यात आला होता. रामगोपाल घोष यांनी त्याविरुद्ध केलेले भाषण त्या काळी फार गाजले व तो बेत सोडून द्यावा लागला. दोन्ही ठिकाणी सरकारचा मुद्दा आरोग्याचा होता आणि तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु गरीब माणसाला स्मशान जवळ हवे असते, हे कागदावर नकाशा पाहणाऱ्यास दिसत नाही. ते सांगण्यासाठी गावात वजन असलेला, पण गावाचाच असलेला माणूस लागतो.

हिंदुस्थानात निदान दहन हा गुन्हा नव्हता. परदेशी मरण आले तर मात्र हिंदी माणसाला स्वतःच्या रीतीने अखेरचा संस्कार मिळणे दुरापास्त होते. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टल येथे वारले व तेथेच त्यांचे दफन झाले. द्वारकानाथ टागोर १८४६ साली लंडनमध्ये वारले व केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत पुरले गेले. महाराजा रणजितसिंहांची राणी जिंदन कौर हिची कथा तर हृदयद्रावक आहे. १ ऑगस्ट १८६३ रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. तेथे दहन शक्य नसल्याने तिचा देह केन्सल ग्रीन येथेच तात्पुरता ठेवावा लागला. दुसऱ्या वर्षी पुत्र दुलीपसिंह तो घेऊन मुंबईस उतरले. पंजाबात जाण्यास सरकारने मज्जाव केला होता. तेव्हा पंजाबच्या त्या महाराणीला अग्नी मिळाला तो आपल्या नाशिक क्षेत्री, गोदावरीच्या काठी. ज्या राणीला कंपनी सरकारने राज्यातून दूर केले, तिची चितासुद्धा कोठे पेटावी हे सरकारनेच ठरवले. नियमनाच्या नावाखाली राजकारण कसे शिरते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पुढे १९२४ मध्ये तिच्या नातीने तिच्या अस्थी लाहोरास नेल्या.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची हकीकत विशेष वाटते. १८६६ साली गादीवर आलेले हे तरुण, विद्याव्यासंगी महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासास गेले. विलायतेत त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या आणि दैनंदिनी लिहिली. ही दैनंदिनी पुढे कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी प्रकृती बिघडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांनी देह ठेवला. वय जेमतेम वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स ही त्या समयी इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती युरोपात प्रेत जाळणे ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. महाराजांच्या सोबतच्या मंडळींनी मात्र दहनाचाच आग्रह धरला. इंग्रज वकिलातीमार्फत बोलणी झाली आणि इटालियन अधिकाऱ्यांनी खास बाब म्हणून अनुमती दिली. अट एवढीच की विधी शहराच्या वस्तीपासून दूर व्हावा. कासिने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी टोकाला आर्नो व मुन्योने या नद्यांचा संगम आहे. त्या संगमावर रात्रीच्या वेळी सरण रचून महाराजांना अग्नी देण्यात आला. घरापासून हजारो कोस दूर असूनही सोबतच्या मंडळींनी संगमाची जागा मिळवली, हे मोठेच म्हणावे लागेल.

१८७४ साली त्याच जागी महाराजांचे स्मारक उभे राहिले. छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. छत्रीखालील अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडवला. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि १९७०च्या दशकात तेथे बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

योगायोग असा की, युरोपात दहनाचा विचार याच दशकात मूळ धरू लागला. पादुआ येथील प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपल्या दहनभट्टीची प्रतिकृती मांडली. ती पाहून राणी व्हिक्टोरियाचे शल्यवैद्य सर हेन्री थॉम्पसन प्रभावित झाले आणि जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी लंडन येथे दहनाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन केली. इटलीत आल्बेर्तो केलर या धनिकाने आपला देह जाळावा म्हणून मृत्युपत्रात पैसा ठेवला. तो १८७४ मध्ये वारला. परंतु सरकारी मंजुरी मिळेपर्यंत त्याचा देह तसाच जतन करावा लागला व २२ जानेवारी १८७६ रोजी मिलान येथे त्याचे दहन झाले. रोमच्या धर्मपीठाने १८८६ मध्ये दहनाला बंदी घातली आणि ती १९६३ पर्यंत उठवली नाही.

इंग्लंडमधील वाद अधिक बोधप्रद आहे, कारण आज आपल्या नोंदवह्यांत दिसणारे अनेक रकाने त्याच वादातून जन्मलेल्या विचाराशी जुळणारे आहेत. थॉम्पसन यांच्या संस्थेने वोकिंग येथे जागा घेऊन भट्टी बांधली आणि १७ मार्च १८७९ रोजी मृत घोड्याचा देह जाळून तिची चाचणी घेतली. गावात गहजब झाला. गृहमंत्री क्रॉस यांनी संसदेचा निर्णय होईपर्यंत मनुष्यदेहाचे दहन करण्यास मनाई केली. त्यांचा मुख्य आक्षेप धार्मिक नव्हता. विषप्रयोग अथवा मारहाण करून कोणी माणसाला मारले आणि देह जाळून टाकला तर पुरावाच उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. पुरलेला देह उकरता येतो, राखेतून काय उकरणार? प्रश्न रास्त होता आणि त्याला बगल देऊन चालण्यासारखे नव्हते.

निर्णय संसदेने नव्हे तर एका न्यायाधीशाने दिला. वेल्समधील लँट्रिसंट गावी विल्यम प्राइस नावाचा त्र्याऐंशी वर्षांचा वैद्य राहत असे. स्वतःला प्राचीन ड्रुइड पंथाचा म्हणवून घेणारा, विक्षिप्त वेशाचा. जानेवारी १८८४ मध्ये त्याचे तान्हे मूल वारले. त्याने गावाबाहेरच्या टेकडीवर आपल्याच शेतात ते जाळण्यास आरंभ केला. संतप्त जमाव धावून आला, पोलिसांनी देह अग्नीतून बाहेर काढला आणि प्राइसवर खटला भरला. कार्डिफच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्टीफन यांच्यापुढे तो चालला. हे स्टीफन आपल्याकडील वकीलमंडळींना परके नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदे सदस्य म्हणून १८७२चा भारतीय पुरावा कायदा त्यांनीच तयार केला. ज्या देशात रोज नदीकाठी चिता पेटतात त्या देशात त्यांनी काही वर्षे काढली होती. त्यांनी निर्णय दिला की, आजूबाजूच्यांना उपद्रव होईल अशा रीतीने किंवा मृत्यूची कायदेशीर चौकशी चुकवण्यासाठी केलेले नसेल, तर दहन हा गुन्हा नाही. कायद्याने जे निषिद्ध ठरवलेले नाही, ते केवळ बहुसंख्यांना रुचत नाही म्हणून गुन्हा होत नाही, हे या निर्णयाचे मर्म होय. अल्पसंख्य समाजाने हे वाक्य नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या निर्णयामुळे वाट मोकळी झाली. २६ मार्च १८८५ रोजी वोकिंग येथे पहिले दहन झाले. त्या संपूर्ण वर्षात अवघी तीन दहने झाली! थॉम्पसन यांनी मात्र एक दूरदर्शी गोष्ट केली. कायद्याची वाट न पाहता त्यांनी संस्थेचा स्वतःचा नियम केला की, दोन स्वतंत्र वैद्यांच्या दाखल्याखेरीज कोणाचेही दहन करावयाचे नाही. क्रॉस यांच्या शंकेला हे कृतीतून दिलेले उत्तर होते. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणण्याऐवजी त्यांनी आपली वही उघडी ठेवली. पुढे १९०२ साली इंग्लंडमध्ये दहनविषयक कायदा झाला. दहनगृह घरमालकांच्या संमतीवाचून राहत्या घरापासून दोनशे यार्डांच्या आत नसावे, हमरस्त्यापासून पन्नास यार्डांच्या आत तर नसावेच, अशा तरतुदी त्यात होत्या. सोबतच्या नियमांनी वैद्यकीय दाखल्यांची पद्धत सर्वत्र लागू झाली. अशा संस्थांनी स्वयंशिस्तीने आधी जे केले तेच शासनाने नंतर कायद्यात आणले, हे धर्मादाय संस्था चालवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

याच कायद्याच्या छायेत पहिल्या महायुद्धात एक वेगळी गोष्ट घडली. ब्रायटन येथील रुग्णालयांत जखमी हिंदी सैनिक उपचार घेत होते. त्यांपैकी जे हिंदू व शीख सैनिक दगावले, त्यांतील त्रेपन्न जणांचे दहन पॅचम गावाजवळच्या उघड्या टेकडीवर, मोकळ्या आकाशाखाली, त्यांच्या रीतीप्रमाणे करण्यात आले. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तेथे संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. युद्धकाळात जे सरकारला शक्य झाले, ते शांततेच्या काळात नागरिकाला मागूनही मिळेना. न्यूकॅसल येथील दविंदर घई यांनी २००६ मध्ये पारंपरिक चितेसाठी नगरपालिकेकडे जागा मागितली. ती नाकारली गेली. मे २००९ मध्ये उच्च न्यायालयानेही नकार दिला. १० फेब्रुवारी २०१० रोजी अपील न्यायालयात लॉर्ड न्यूबर्गर यांच्या पीठाने घई यांच्या बाजूने निर्णय दिला. घई यांनी चार भिंतींचे, पण छपराला मोकळीक असलेले व सूर्यप्रकाश येणारे बांधकाम चालेल असे सांगितले होते. १९०२ च्या कायद्यातील ‘इमारत’ या शब्दात तेही बसते, असे न्यायालयाने म्हटले. चार वर्षांचा लढा एका शब्दाच्या अर्थावर सुटला.

परंतु वैद्यकीय दाखल्यांच्या पद्धतीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये हॅरल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरास जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली आणि नंतरच्या चौकशीत बळींची संख्या दोनशेंच्या वर असल्याचे निष्पन्न झाले. त्यांतील अनेकांचे दहन झाले होते. म्हणजे दहनापूर्वी दुसऱ्या डॉक्टरने दाखल्यावर सही केलेली होती. सही करणाऱ्यांनी सहकाऱ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या. क्रॉस यांना १८७९ मध्ये जी भीती वाटत होती ती सव्वाशे वर्षांनी खरी ठरली, आणि तीही सर्व कागद जागच्या जागी असताना. जमाखर्च जुळतो म्हणजे माल गोदामात असतोच असे नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. दीर्घ विचारांती तेथील दुसऱ्या सहीची पद्धत रद्द झाली आणि ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने प्रत्येक मृत्यूचे कारण तपासण्याची व्यवस्था लागू झाली.

आता आपल्याकडे पाहू. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने स्मशाने व दफनभूमींची नोंदणी, नव्या जागेस परवानगी आणि जुनी जागा बंद करण्याचे अधिकार यांची चौकट घालून दिली. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने मृत्यूची नोंद सर्व देशभर सक्तीची केली आणि त्यात स्मशानाच्या व्यवस्थापकावरही मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली. स्मशानातील कारकून नाव, वय, पत्ता विचारतो तेव्हा तो उगाच छळ करीत नसतो, कायद्याने त्याच्यावर सोपवलेले काम करीत असतो. मृत्यू संशयास्पद वा आकस्मिक असेल तर पंचनामा व शवविच्छेदन होऊनच देह नातेवाइकांच्या ताब्यात मिळतो. सासरी वारलेल्या किती लेकीसुनांची चिता घाईने पेटवली गेली आणि माहेरचे लोक पोहोचेपर्यंत राख झाली, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. शास्त्रातील त्वरेचा आधार घेऊन जर कोणी पाप झाकत असेल, तर त्या त्वरेत अहिंसा उरत नाही.

आपल्या समाजाला हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवला तो २०१५ मध्ये. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना अर्थात संथारा म्हणजे आत्महत्या ठरवून त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. त्या निर्णयाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. आत्महत्या म्हटली की मृत्यू अनैसर्गिक ठरतो आणि मग पंचनामा, शवविच्छेदन हे आलेच. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला तेव्हा देशभरातील श्रावक तेथे लोटले होते. तशा साधकाचा देह पालखीऐवजी शवागारात न्यावा लागला असता, ही कल्पनाही असह्य होती. देशभर मूक मोर्चे निघाले. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. मूक मोर्च्यांचे मोल मोठेच, पण घरोघरी व्रताची नोंद, गुरूंची अनुमती, कुटुंबाची जाणीव आणि वैद्याची माहिती यांचे कागद नीट ठेवले जातील तर त्यांचेही मोल कमी नाही. थॉम्पसन यांनी उघडी ठेवलेली वही येथे आठवते.

मार्च २०२० नंतरच्या साथीत तर शासनाचा हात प्रत्यक्ष तिरडीपर्यंत पोहोचला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनी देहाला स्नान घालणे, कवटाळणे बंद केले. देहाला स्पर्श न करता म्हणावयाच्या स्तोत्रपाठास मात्र मुभा ठेवली. अनेकांनी णमोकार मंत्र दुरूनच, मुखपट्टीआडून म्हटला. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी सर्वधर्मीयांच्या देहांचे दहनच करावे असा आदेश निघाला व तो लगेच मागे घ्यावा लागला. शेजारच्या श्रीलंकेत असा आदेश फेब्रुवारी २०२१ पर्यंत कायम होता आणि तेथील मुसलमान कुटुंबांना आपल्या माणसांना दफन करता आले नाही. एकेकाळी विलायतेत आपल्या माणसांना अग्नी नाकारला गेला, त्याची ही उलटी बाजू होय. ज्यांनी जिंदन राणीची कथा वाचली आहे, त्यांना या कुटुंबांचे दुःख वेगळे समजावून द्यावे लागू नये.

नियम पाळूनही रीत राखता येते, याचे एक उदाहरण कोल्हापुरातच आहे. तेथील पंचगंगा स्मशानभूमीसाठी होळीच्या सुमारास नागरिक शेणी दान करतात. होळीत जाळावयाच्या शेणी सरणासाठी जातात आणि तेवढे लाकूड वाचते. एका पारंपरिक दहनाला साधारण तीन ते पाच क्विंटल लाकूड लागते. ते झाडून, जीवजंतू पाहून घेण्याचा आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा आग्रह असे. विद्युत अथवा गॅसदाहिनीचा विचार करताना श्रावकाने आपला हा जुना दंडक आठवावा. दाहिनीत पर्यावरणरक्षण आहे आणि जीवरक्षाही आहे.

२०२३ साली जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार रुग्णालयात मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ही प्रत मागून घ्यावी. घरी मृत्यू झाल्यास अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या वैद्यास तत्काळ बोलवावे आणि देह हलवण्यापूर्वी दाखला हाती घ्यावा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. तेरा दिवस न पाळणाऱ्या आपल्या कित्येक घरांत दुकान तिसऱ्या दिवशी उघडते, पण नोंद मात्र राहून जाते आणि पुढे वर्षानुवर्षे वारसांच्या फेऱ्या चालू राहतात.